पाकिटांवरचे आकडे

हिराजीकाका भोईर गेल्यावर त्यांच्या आठवणींची एक छोटी स्मरणिका निघाली. तिच्या चौथ्या पानावर असं वाक्य आहे : ‘दुर्दैवाने काकांच्या बहुतेक छायाचित्रांतील कामगारांची नावे पेटीला ओल आल्यामुळे हरवली.’ हे वाक्य मी लिहून दिलं होतं. ते खोटं आहे. ओल आली होती, पण नावं ओलीने गेली नाहीत. ती कशी गेली हे सांगण्याआधी काका कसे होते ते सांगायला हवं, नाहीतर नेमकं काय गेलं ते कळायचं नाही.

मी भिवंडीतल्या एका शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. काका आमच्याकडे वर्षातून एकदा वर्गांचे आणि कर्मचाऱ्यांचे फोटो काढायला यायचे. ठेंगणे, काळेसावळे, सदा एकच राखी रंगाचा शर्ट. खरं तर तसे पाच शर्ट होते, हे मला पुढे कळलं. धामणकर नाक्याजवळ त्यांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता आणि घर जवळच्या शेलार गावात. घरची भातशेती होती तिथे आता गोदामं उभी आहेत. ती त्यांचा धाकटा भाऊ बाळाराम बघायचा. काका त्या गोदामांमध्ये जायचे ते गोणी उचलणाऱ्या हमालांचे फोटो काढायला. बाळाराम चारचौघांत म्हणायचा, “आमचा दादा मालक हाय, पन फोटो हमालांचे काढतो. मालकाचा एक काढला न्हाय अजून.” काका म्हणायचे, “तू काही उचल, तुझा बी काढतो.”

त्यांची माझी पहिली गाठ पडली तेव्हा मला त्यांचा रागच आला होता. कर्मचाऱ्यांच्या फोटोसाठी मी कोण कुठे बसणार याची टाइप केलेली यादी तयार ठेवली होती. पहिली रांग, दुसरी रांग, उभे राहणारे, एकूण चौतीस. खुर्च्यांमागे नावांच्या चिठ्ठ्याही लावल्या होत्या. सगळे बसले. काकांनी कॅमेऱ्यातून पाहिलं, मान वर केली आणि विचारलं, “या शालेत झाडू कोन मारतो?”

पाण्याच्या टाकीमागे शेवंताबाई उभी राहून गंमत बघत होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, हा कर्मचाऱ्यांचा फोटो आहे, शेवंताबाई कंत्राटावर आहे. काकांनी काही वाद घातला नाही. कॅमेऱ्याचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाले, “मग मॅडम, उद्या काढू. उद्या सगले येतील.” मुख्याध्यापिकांनी घड्याळाकडे पाहिलं आणि शेवंताबाईला बोलावून घेतलं. फोटो झाल्यावर काका माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, “बाय, तिचं नाव लिही. तुझ्या यादीत न्हाय.” टाइप केलेल्या स्वच्छ यादीखाली मला पेनाने पस्तिसावं नाव लिहावं लागलं. मला वाईट वाटलं ते शेवंताबाईसाठी नाही, यादी खराब झाली म्हणून. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

पुढे ओळख वाढली. पासपोर्टचे फोटो ते इतरांसारखेच कॉम्प्युटरवर काढायचे. पण आठवड्यातून दोन दिवस स्टुडिओ बंद ठेवून ते लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यांत, गोदामांत, वीटभट्ट्यांवर, गणेशपुरीकडच्या भातखाचरांत जायचे, आणि तिथे मात्र जुना, धातूचा, रोलचा कॅमेरा वापरायचे. रोल मिळेनासे झाले होते, मुंबईहून मागवावे लागत. मी एकदा विचारलं की एवढा खटाटोप कशाला. म्हणाले, “एका रोलात छत्तीसच हायत म्हनून मी बघतो. हजार असते तर नुसता दाबत बसलो असतो.”

बघणं म्हणजे काय ते मी एकदा पाहिलं. बोट चेपल्यामुळे त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून वही धरायला मी त्यांच्यासोबत एका लूमच्या कारखान्यात गेले. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं मला फक्त आवाज होता. तिथे कोणी बोलत नाही, हातवारे करतात. काका एका लूमपाशी कॅमेरा न काढता उभे राहिले. लूमवर चाळिशीचा एक बारीक माणूस होता. मध्येच सुताची तार तुटायची, तो लूम थांबवायचा, वाकून दोन टोकं बोटांत धरायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत गाठ मारायचा. काका त्याची बोटं बघत होते आणि स्वतःचा अंगठा तर्जनीवर घासत होते. तासभर असंच. मग कॅमेरा काढला, एकदाच दाबला आणि परत पिशवीत ठेवला. त्या गोंगाटात शटरचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू येत नसे. बोटाला कळतं, म्हणायचे.

मला वाटलं झालं काम. पण काका बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसले. शिफ्ट सुटायला आणखी दोन तास होते. आत नाव विचारता येत नाही, विचारलं तरी ऐकू येत नाही. मी व्यवहारी सल्ला दिला की मुकादमाकडे हजेरीचं पुस्तक असेल, त्यातून नाव घेऊ. काका म्हणाले, “पुस्तकात नंबर हाय त्याचा. नाव त्याच्याकडनंच घ्यायचं.”

शिफ्ट सुटली. तो माणूस आला, चहा घेतला आणि हसत म्हणाला, “हमारा नाम लिखके क्या करोगे चाचा? मुकादम को भी नहीं मालूम.”

“इसीलिए,” काका म्हणाले.

मी लिहून घेतलं : रामधनी, वडिलांचं नाव, गाव, जिल्हा, खोली कुठे, गावी गेला तर फोटो कोणाकडे द्यायचा. एका फोटोसाठी तीन तास, आणि त्यातले दोन नावासाठी. काकांचं तत्त्व असं की ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात तो पोचला पाहिजे, मागे नाव लिहून. ते म्हणायचे, “आपन मराठीत फोटो काढतो, हे लोक खींचतात, इंग्रजीवाले घेतात. सगले नेनारेच. देनारा कोन?”

देण्यातही त्यांचे घोटाळे व्हायचे. गोदामातल्या एका हमालाने, शिवप्रसादने, पाठीवर गोण घेतलेला आपला फोटो पाहिला आणि उलटा करून परत दिला. घरी त्याने सांगितलं होतं की तो ऑफिसात आहे. हा फोटो गावी गेला तर बायको काय म्हणेल? काका त्याला स्टुडिओत घेऊन गेले. तिथे पासपोर्टवाल्यांसाठी खुंटीवर एक काळा कोट असतो. तो त्याला घातला, टाय लावला, केस विंचरले आणि टेबलामागे बसवून फोटो काढला. मग दोन्ही फोटो त्याच्या हातात दिले. म्हणाले, “जो भेजना है भेज. दोनों तू ही है.” मला हे पटलं नाही. मी म्हटलं, हा खोटेपणाच झाला की. काका म्हणाले, “त्याची लाज माझ्या फोटोनं वाढली. ती मीच काढायला नको?” नंतर त्याने गावी कुठला फोटो पाठवला ते काकांनी कधी विचारलं नाही. मी विचारा म्हटलं तर चिडले.

आता त्यांच्या पाकिटांविषयी. घरामागच्या गोठ्याच्या एका कोपऱ्यात काकांची डार्करूम होती. रोल धुतला की सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापायच्या आणि एका रोलच्या सगळ्या पट्ट्या एका पाकिटात घालायच्या. पाकिटं कसली, तर आलेल्या लग्नपत्रिकांची. कुणाचा गणपती, कुणाची सोनेरी नक्षी, आणि त्यावर लाल पेन्सिलीने रोलचा आकडा. तोच आकडा वहीत. वहीत ‘रोल ४१, चित्र १४’ समोर रामधनीचं नाव. फिल्मच्या कडेला चित्रांचे आकडे कारखान्यातूनच छापलेले असतात, पण ते प्रत्येक रोलवर तेच, एक ते छत्तीस. चौदा नंबरचं चित्र प्रत्येक रोलमध्ये असतं. ते कितव्या रोलचं, हे फक्त पाकीट सांगतं.

पाच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेने काकांच्या फोटोंचं प्रदर्शन भिवंडीतच भरवायचं ठरवलं. काकांना फार आनंद झाला, कारण कामगारांना बघायला येता येणार होतं. साठ फोटो, प्रत्येकाखाली पूर्ण नाव, आणि प्रदर्शन संपलं की ज्याचा फोटो त्याने घेऊन जायचा. अट एवढीच की निगेटिव्ह नीट लावून द्यायच्या. त्याच सुमारास काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मी म्हटलं, दिवाळीच्या सुट्टीत मी लावून देते. मला कोणी विचारलं नव्हतं. अशी कामं मला आवडतात, आणि मी ती चांगली करते, असं सगळे म्हणतात.

दोन पत्र्याच्या पेट्या माझ्या घरी आल्या. उघडल्या तर कुबट वास. भिंतीकडच्या बाजूची पाकिटं ओली होऊन चिकटली होती, चार-पाचांवरचे आकडेही फिसकटले होते. काका म्हणाले होते, “पाकिटं जुनी हायत बाय, पन र्‍हाऊ दे.” मला ते म्हाताऱ्या माणसाचं जुन्या वस्तूंवरचं प्रेम वाटलं.

एकशे बारा रोल होते. मी प्लॅस्टिकचे कप्पे असलेल्या नव्या फायली आणल्या आणि कामाप्रमाणे सात भाग पाडले : लूम, सायझिंग (म्हणजे सुताला खळ देणं), सुताचे जड बीम उचलणारे, गोदाम, वीटभट्टी, भातशेती, किरकोळ. प्रत्येक भागाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी. सगळ्या पाकिटांतल्या पट्ट्या उजेडात धरून त्या-त्या फायलीत घातल्या. जिथे एकाच पट्टीत लूमही होता आणि गोदामही, तिथे पट्टी मधून कापली. कप्प्यांना माझे नवे नंबर दिले. नऊ दिवसांत काम संपलं. लग्नपत्रिकांची पाकिटं दोन पिशव्या भरून रद्दीवाल्याला दिली. लाल आकडे मला रोज दिसत होते. ते जुने अनुक्रमांक आहेत आणि आपले अधिक व्यवस्थित आहेत, एवढंच माझ्या डोक्यात आलं. ज्या वहीत मी स्वतःच्या हाताने रामधनीचं नाव लिहिलं होतं, ती वही काकांकडे होती आणि मला तिची एकदाही आठवण झाली नाही.

काका काळा चष्मा लावून आले. फायली चाळल्या, रंगीत चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं, म्हणाले, “देवघरासारखं लावलंस.” मी चहा ठेवायला उठले. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, “एक्केचालीस दे बरं. त्यातला चौदा.”

मी ‘लूम’ लिहिलेली फाइल उघडली. तिच्यात चौदा नंबरची एकोणतीस चित्रं होती. एकोणतीस माणसं, सगळी तारांवर वाकलेली, काही पाठमोरी. निगेटिव्हमध्ये चेहरे काळे आणि केस पांढरे. मी एकेक कप्पा उजेडात धरत गेले. तिसऱ्या-चौथ्या कप्प्याला मला सगळं कळलं. हात मात्र पुढचे कप्पे उलटत राहिले.

काकांनी विचारलं, “पाकिटं कुटं हायत?”

मी म्हटलं, “पाकिटं ओलीने गेली होती काका. आकडे आधीच पुसले होते. लगदाच झाला होता.”

हे वाक्य बोलायला मला विचारही करावा लागला नाही.

काकांनी वही मिटली. मग म्हणाले, “माझीच चूक. पेटी भिंतीला लावून ठेवली. बायको सांगत व्हती.” थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, “तू लावल्यास म्हनून निगेटिव्ह तरी वाचल्या.” चहा त्यांनी पूर्ण प्यायला. मी रडले, तर त्यांनीच माझी समजूत घातली.

संस्थेच्या लोकांना ही अडचण मोठी वाटली नाही. ‘एक लूम कामगार, भिवंडी’ एवढं लिहिलं तरी चालतं, म्हणाले. उलट ते जास्त परिणामकारक वाटतं. काका तयार झाले नाहीत. नाव नसेल तर तो फोटो फक्त माझा होतो, त्याचा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. साठांपैकी ज्यांचे चेहरे त्यांना खात्रीने आठवले असे एकोणीस फोटो लागले. रामधनी त्यांत नव्हता. तो गाठ मारताना पाठमोरा वाकला होता आणि तशा पाठी खूप होत्या.

उद्घाटनाला कामगार आले होते, धुतलेले शर्ट घालून. काही जण भिंतीवर स्वतःला शोधत फिरत होते आणि फोटो नाही म्हणून संकोचून दाराशी थांबले होते. काकांना बोलायला सांगितलं. त्यांनी आधी माझे आभार मानले. या बाईने नऊ दिवस बसून सगळं नीट लावलं म्हणून. टाळ्या झाल्या. मग ते दाराशी उभ्या असलेल्यांकडे वळले आणि हात जोडून म्हणाले, “आपने नाम दिया था. मैंने संभाला नहीं. मेरी गलती है, माफ करना.”

मी पहिल्या रांगेत होते. मांडीवर पाहुण्यांची यादी होती. उठून दोन वाक्यं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी यादीवर आलेल्यांच्या नावांपुढे खुणा करत राहिले.

त्यानंतर काकांनी नवे फोटो काढणं जवळजवळ थांबवलं. जुन्या निगेटिव्हवरून ते एकेक फोटो छापत राहिले आणि तो घेऊन कारखान्याकारखान्यांत हिंडायला लागले. हा कोण, ओळखता का. बीम उचलणाऱ्या एका टोळीतल्या आठ जणांची नावं वहीत होती आणि आठ चेहरे फायलीत, पण कुठलं नाव कुठल्या चेहऱ्याचं ते ठरेना. बरेच जण गावी परत गेलेले. पुढे पुढे काकांना स्वतःच्या आठवणीचाच भरवसा वाटेनासा झाला. एकदा ओळखलेल्या माणसाविषयी चार दिवसांनी विचारायचे, “बाय, हा बिपतच ना? की मी काही बी सांगितलं?” आधी ते असे नव्हते. दरवर्षी नव्या वर्गातल्या मुलांची नावं एकदा ऐकून लक्षात ठेवणारा माणूस होता तो.

मी त्यांच्यासाठी सापडलेल्या आणि न सापडलेल्या नावांची यादी ठेवत होते. दर रविवारी ते स्टुडिओत बसून मला सांगायचे, मी लिहायचे. ती यादी अतिशय चांगली ठेवलेली आहे. तीन वर्षांत एकशे सहा नावं परत जागेवर आली. बाकीची हजारो राहिली.

सांगावं असं मला अनेकदा वाटलं. एकदा त्यांचा भाऊ बसला होता. एकदा त्यांना ताप होता. एकदा ते खुशीत होते, म्हणून नको म्हटलं. अशी कारणं होती. ओळीने लिहून काढली तर त्यांतलं एकही टिकत नाही. खरं एवढंच की सगळे मला व्यवस्थित बाई म्हणून ओळखतात आणि माझ्याजवळ दुसरं फारसं काही नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, माघाच्या अखेरीला; पुढचा रविवार यायच्या आत ते गेले. त्या दिवशीच्या माझ्या यादीत चार कामं होती : पोस्ट, गॅसचं पुस्तक, चष्म्याची काच, काकांना सांगणे. चौथं काम आधी करायचं ठरवून मी निघाले. स्टुडिओ बंद होता. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, काका नाक्यापलीकडच्या कारखान्याच्या दाराशी आहेत, सकाळची शिफ्ट सुटायची वेळ आहे.

मी रस्त्याच्या अलीकडे थांबले. काका दाराबाजूला उभे होते, फोटो छातीशी उभा धरून. माणसं कापसाची धूळ झटकत बाहेर पडत होती. कोणी फोटोकडे बघत होतं, कोणी त्यांना चुकवून जात होतं. कोणी ओळखीचा थट्टेने काहीतरी म्हणाला असावा, कारण काका हसले. मग पिकलेल्या दाढीचा एक माणूस थांबला. त्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि त्यावर बोट टेकवून काहीतरी बोलला. काकांनी त्याचा दंडच पकडला. मान वर करून ते इकडेतिकडे बघायला लागले, आणि रस्त्यापलीकडे मी त्यांना दिसले.

ते मोठ्याने नाव ओरडत होते, पण मधे ट्रक आणि रिक्षा होत्या, मला ऐकू येईना. मी रस्ता ओलांडला.

“मिलाला,” काका म्हणाले. “रामधनीच हाय. हा त्याच्या गावचा. रामधनीच्या डाव्या कानामागं डाग हाय, तो हितं दिसतो बघ. मना दिसलाच न्हवता.” त्यांना दम लागला होता. डोळे पुसत म्हणाले, “काढ वही. लिही.”

मी म्हटलं, “काका, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“आधी लिही. हा मानूस जाईल. बापाचं नाव बी घाल, आनी आता कुटं असतो ते बी. नीट लिही बाय. माझ्यासारखं करू नको.”

मी पर्समधून वही काढली. दाढीवाल्या माणसाने सावकाश सांगितलं आणि मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं. वर पाहिलं तेव्हा काकांनी पुढचा फोटो काढून छातीशी धरला होता आणि ते पुन्हा दाराकडे तोंड करून उभे होते. माणसं अजून येत होती. मी थोडा वेळ त्यांच्या पाठीशी थांबले. मग पोस्ट बंद व्हायच्या आत पोचायला हवं म्हणून निघाले.